गायरान कुणाच्या बापाचं?

पर्यावरण हा शब्द आमच्याकडं पुस्तकातून आला नाही. नोटिशीतून आला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून गायरानाचा विषय हातात घेतला. सरकारनं कोर्टापुढं आकडे ठेवले. राज्यात गायरान सुमारे साडेचार लाख हेक्टर. त्यातलं दहा हजार हेक्टरच्या आसपास अतिक्रमणाखाली. अतिक्रमणं सव्वादोन लाखांच्या घरात. वर्षअखेर ही सगळी निघाली पाहिजेत, असा घोष सुरू झाला. कागद निघाले, झोपड्यांच्या कुडाला चिकटले. राज्यभर मोर्चे निघाले. ज्याला आयुष्यात कुणी पत्र लिहिलं नाही त्याला सरकारनं पत्र लिहिलं, आणि पत्रात काय, तर तू चोर आहेस.

आता जरा हिशेब करू. हिशेब आम्हाला येत नाही असा समज आहे, म्हणून मुद्दाम करू. शंभर एकर गायरानातलं सव्वादोन एकर अतिक्रमणाखाली. हा सरकारचाच आकडा. मग उरलेल्या पावणेअठ्ठ्याण्णव एकरांत गवत कुठं आहे? गुरं चरायला नेणारी बाई सांगेल. मुरमाच्या खदानीत गेलं, खडीच्या मशीनखाली गेलं, गावच्या उकिरड्याखाली गेलं, आणि दरवर्षी नांगराच्या एका तासानं बांध कोरत कोरत मोठ्याच्या वावरात गेलं. बांध कोरणाऱ्याला कुणी अतिक्रमणवाला म्हणत नाही. त्याला प्रगतिशील शेतकरी म्हणतात. त्याला फेटा बांधतात. आणि आम्ही माळरानावरचे दगड वेचून दोन एकर तूर काढली, तर पर्यावरण धोक्यात आलं!

मी कनेरगाव नाक्याचा माणूस. हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं गाव. जवळून पैनगंगा जाते. नदीच्या तिकडं वऱ्हाड, इकडं मराठवाडा. १९४७ पर्यंत तिकडं इंग्रजांचा अंमल, १९४८ पर्यंत इकडं निजामाचा. राजे गेले, हद्दी गेल्या, १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पण नाव राहिलं ते नाकाच. नाक्यावर माणसाला एकच प्रश्न विचारतात : कागद दाखव. ज्याच्याकडं कागद त्याचा माल. ज्याच्याकडं कागद नाही तो चोर. या देशात आम्ही हजारो वर्षं नाक्यावरच उभे आहोत. आणि आता बघतो तर आमच्या बाजूला, त्याच रांगेत, मुसलमान उभा आहे. त्याच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. आपल्यातल्या पुष्कळांना ते आवडणार नाही. न आवडू दे.

मराठवाड्यात गायरानावर कोण बसलंय ते एकदा डोळे उघडून बघा. महार-मांग बसलेत. पारधी बसलेत, वडार बसलेत, कैकाडी बसलेत. आणि शहा-फकीर बसलेत, पिंजारी बसलेत. ज्याला गावानं गावात जागा दिली नाही तो गावाबाहेर बसला. एवढं सरळ आहे. याला समाजशास्त्र लागत नाही.

* * *

आधी एक गोष्ट पक्की करू. गायरान आम्ही चोरलं नाही, आम्ही ते लढून घेतलं.

१९५३-५४ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या लोकांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला, तेव्हा बाबासाहेब हयात होते. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा उभा केला. ६ डिसेंबर १९६४ ला तो देशभर पेटला. फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. बाया गेल्या, कडेवरची लेकरं घेऊन गेल्या. तुरुंग अपुरे पडले. त्या लढ्याची मागणी एकच नव्हती, पण त्यातली एक मागणी हीच होती : पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या.

त्या रेट्यामुळं सरकारला शासन निर्णय काढावे लागले. १९७८ मध्ये निघाला, मग १९९१ मध्ये निघाला. १४ एप्रिल १९९० पर्यंत ज्यांचा कब्जा असेल, त्यांचं अतिक्रमण नियमित करा, असं ठरलं. तारीख बघा कोणती निवडली. बाबासाहेबांची जयंती. हार घालायला ती तारीख फार छान. पण त्या तारखेच्या आधीपासून जमीन कसणाऱ्या किती जणांच्या नावानं सातबारा झाला ते गावोगाव विचारा. तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई नावाचं रजिस्टर असतं. ती अतिक्रमणाची वही. जगात कुठं असं होत नसेल, पण आमचा माणूस त्या गुन्ह्याच्या वहीत नाव लागावं म्हणून चपला झिजवतो. दंड भरतो आणि दंडाची पावती ट्रंकेत, बाबासाहेबांच्या फोटोमागं जपून ठेवतो. का? तर उद्या कुणी पुरावा मागितला तर दाखवता यावं, की बघा साहेब, मी इतक्या सालापासून गुन्हेगार आहे! ज्या व्यवस्थेत हक्क सिद्ध करायला आधी गुन्हा सिद्ध करावा लागतो, ती व्यवस्था मला न्याय शिकवणार?

मग आलं २०११. २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनींवरचे कब्जे काढा, असं सांगितलं. त्या निकालातला राग कुणावर होता? पैशाच्या, राजकारणाच्या, दंडुक्याच्या जोरावर गावतळी आणि गायरानं गिळणाऱ्या धेंडांवर. आणि त्याच निकालात एक अपवाद स्वच्छ लिहिलाय : सरकारी आदेशानुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील, किंवा त्या जागेवर आधीच शाळा-दवाखाना असेल, तर अपवाद म्हणून ते नियमित करता येईल. हे वाक्य कुणी वाचत नाही. हे वाक्य नोटिशीत येत नाही. निकाल लिहिला धेंडांवर आणि राबवला झोपडीवर. त्याच साली जुलैमध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला की यापुढं गायरान कुणा खाजगी माणसाला द्यायचं नाही, त्यावरची अतिक्रमणं काढायची. म्हणजे कोर्टानं जो दरवाजा किलकिला ठेवला होता, तो सरकारनं आमच्या तोंडावर लावून घेतला.

बरं, लावला तर लावला. पण मग सगळ्यांनाच लावायचा ना? २०२३ मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा अवतार आला. सौर प्रकल्पाला जमीन पाहिजे. खाजगी मालकानं जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. आणि सरकारी जमीन, त्यात गायरानही आलं, एक रुपया नाममात्र भाड्यानं. एक रुपया! आमचा सूर्याला विरोध नाही. सूर्य आमच्या डोक्यावर तुमच्यापेक्षा जास्त तास असतो. दिवसा वीज मिळाली तर आमच्याही दोन एकराला पाणी मिळेल. पण प्रश्न विचारायचाच : २०२२ मध्ये जे गायरान गुरांसाठी इतकं पवित्र होतं की त्यावर माणूस नको, ते २०२३ मध्ये काचेच्या पत्र्यांसाठी एका रुपयाला कसं मोकळं झालं? पत्रे काय गवत खातात? ज्याच्या नावानं सातबारा त्याला सव्वा लाख, आणि ज्यानं माळाचं वावर केलं त्याला हाकलून लावणार. याला हवामानाचा न्याय म्हणतात म्हणे.

* * *

पर्यावरणवाद्यांनो, तुमच्याशी दोन शब्द.

तुम्ही इतिहास सांगता तेव्हा १९७३ च्या चिपकोपासून सुरू करता. त्या बायांना माझा सलाम आहे. पण तुमच्या यादीत २० मार्च १९२७ का नाही? त्या दिवशी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. बोले ठराव १९२३ चा. सार्वजनिक पाणी सगळ्यांना खुलं, असं सरकारनंच म्हटलं होतं. तरी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली. मग गोमूत्रानं तळं 'शुद्ध' केलं. खटला चालला दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला, तेव्हा कायद्यानं पाणी मोकळं झालं. पाणी कुणाचं, माती कुणाची, हवा कुणाची, हा प्रश्न या देशात सामूहिकपणे आणि जाहीरपणे विचारला तो आम्ही. आम्ही तळ्यात रसायन सोडलं नव्हतं. आमचा हातच प्रदूषण होता! ज्या संस्कृतीनं माणसाला घाण ठरवलं, ती संस्कृती नदी स्वच्छ ठेवेल यावर माझा विश्वास नाही. ती नदीला आई म्हणते आणि मैला वाहायला माझ्या भावाला गटारात उतरवते.

जगात हे इतरांना कळलं. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यात वॉरन काउंटी नावाचा भाग आहे. १९८२ मध्ये तिथं विषारी माती आणून टाकायचं ठरलं. जागा निवडली ती गरीब काळ्या लोकांच्या वस्तीजवळची. काळी माणसं रस्त्यावर ट्रकपुढं आडवी झाली. पाचशेवर लोकांना अटक झाली. तिथून पर्यावरणातला वंशवाद हा शब्द जगात गेला. १९८७ मध्ये तिथल्या एका चर्चनं देशभराची पाहणी केली, तर विषारी कचऱ्याच्या जागा आणि काळ्यांच्या वस्त्या एकाच ठिकाणी सापडत गेल्या. १९९१ मध्ये काळे, मूळनिवासी, मेक्सिकन, आशियाई असे सगळे वॉशिंग्टनला जमले आणि त्यांनी सतरा तत्त्वं मांडली. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरकडं बघून दलित पँथर नाव घेतलं. नाव घेतलं तसा हा धडाही घ्यायला पाहिजे होता. आपल्या वस्त्या गावाच्या कोणत्या अंगाला आहेत? मेलेली ढोरं कुठं टाकतात? गावाचा उकिरडा, गावाची गटार, गावाचं स्मशान कुणाच्या दाराशी येतं? नकाशा काढून बघा. वॉरन काउंटी प्रत्येक गावात आहे. आम्ही तिला राजवाडा, मांगवाडा म्हणतो.

ब्राझीलमध्ये चिको मेंडिस रबराचा चीक गोळा करणारा मजूर होता. जंगल तोडणाऱ्या जमीनदारांपुढं उभा राहिला, डिसेंबर १९८८ मध्ये त्याला दारात गोळी घातली. नायजेरियात केन सारो-विवा लेखक होता. तेल कंपन्यांनी ओगोनी लोकांची शेतं आणि नद्या काळ्या केल्या, त्याविरुद्ध लिहिलं, बोलला. १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी सरकारनं त्याला आठ साथीदारांसह फासावर दिलं. ही माणसं पर्यावरणवादी होती. त्यांच्या पर्यावरणात माणूस होता. तुमच्या पर्यावरणात फुलपाखरू आहे, बिबट्या आहे, माणूस तेवढा अतिक्रमण!

२००१ मध्ये दर्बानला जगाची वंशवादविरोधी परिषद भरली. आपली माणसं तिथं ढोल वाजवत गेली, जातीचा प्रश्न जगापुढं मांडायला. भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरगुती मामला. घरगुती! बायकोला मारणारा नवराही हेच म्हणतो. जगाच्या न्यायाची भाषा करायची, आणि आमची पाळी आली की दाराला कडी लावायची.

* * *

आता इस्लामबद्दल. माझ्या एका मुसलमान दोस्ताशी यावर चहाच्या टपरीवर तासन् तास वाद झालाय. तो पिंजारी. त्याचा बाप गाद्या भरायचा. तो मला म्हणाला, "भाऊ, आमच्यात तर लिहिलंच आहे, पाणी, चारा आणि आग या तिन्हीत सगळे भागीदार." खरं आहे. हदीसमध्ये ते येतं. तहानलेल्याला पाणी नाकारता येत नाही, मग तो माणूस असो का जनावर. आणि चारा म्हणजे काय हो? चारा म्हणजेच गायरान!

त्याहून मोठी गोष्ट दुसरा खलिफा उमर याची आहे. अरबस्तानात राखीव कुरणाला 'हिमा' म्हणत. इस्लामच्या आधी टोळीचा म्होरक्या आपल्या गुरांसाठी चांगलं कुरण अडवायचा. पैगंबरांनी ती म्होरक्यांची मिजास मोडली. कुरण राखायचं ते सगळ्यांच्या कामासाठी, एकाच्या पोटासाठी नाही. पुढं उमरनं आपल्या कुरणाच्या राखणदाराला ताकीद दिली : ज्याच्याकडं दोनचार उंट, दोनचार मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांच्या कळपांना आत घेऊ नकोस. ते दोघं कोण? पैगंबरांचे जवळचे साथी, बडे श्रीमंत. उमरचं म्हणणं असं की त्यांची गुरं मेली तर त्यांच्याकडं खजुराच्या बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो लेकरं घेऊन माझ्या दारात रडत येईल, आणि मग मला सोनं-चांदी द्यावी लागेल. त्यापेक्षा गवत-पाणी स्वस्त.

तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या माणसाला जे कळलं ते आमच्या महसूल खात्याला कळत नाही. कुरण राखायचं आहे ना? राखा. पण आधी मोठ्यांचे कळप बाहेर काढा, दोन शेळ्यांवाली आत राहू द्या. आमच्याकडं उलटा उमर आहे. तो लहानाला हाकलतो आणि मोठ्यांना एका रुपयात आत घेतो.

पण थांब दोस्ता. पुस्तक मोठं आहे, म्हणून माणूस मोठा होत नाही. आमच्याकडं अनुभव आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला चालले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. रमजानचा महिना. दाराशी लहान हौद पाण्यानं भरलेला. प्रवासाची धूळ होती, म्हणून मंडळींनी हातपाय-तोंड धुतलं. मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या, मारामारीपर्यंत आलं. बाबासाहेबांनी विचारलं, हेच तुमचा धर्म शिकवतो का? आमच्यातला कुणी मुसलमान झाला असता तर त्यालाही अडवलं असतं का? गर्दी गप्प. शेवटी हत्यारबंद शिपाई सोबत दिला, ही माणसं किल्ल्यात पाण्याला शिवू नयेत म्हणून. हे आमच्याच मराठवाड्यात, रमजानात, पाण्यात सगळे भागीदार सांगणाऱ्या धर्माच्या माणसानं केलं. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलंय.

मग खोटं काय? पुस्तक की हौद? माझं उत्तर असं, की हौदावर जो म्हातारा ओरडत होता त्याच्या अंगात इस्लाम नव्हता, गाव होतं. जात या मातीत इतकी मुरलेली आहे की जो धर्म इथं येतो तो तिचं पाणी पितो. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार आहे की नाही? मुसलमानात सय्यद-पठाण वरचा आणि पिंजारी, फकीर, कसाई, मेहतर खालचा आहे की नाही? लग्नाच्या वेळी बिरादरी विचारतात की नाही? १९६४ मध्ये माल्कम एक्स मक्केला गेला. गोरे, काळे एका ताटात जेवताना बघून त्याचे डोळे फिरले. चांगलं आहे. पण मक्केतलं ताट मोहल्ल्यात कधी येणार? जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी, विलास सोनवण्यांसारख्या साथींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. मुसलमानातही जात आहे असं उघड बोलले, तेव्हा त्यांना विरोध कुणी केला? धर्म धोक्यात आला असं ओरडणाऱ्या वरच्यांनीच. आपल्याकडं भट जे करतो ते त्यांच्याकडं अशराफ करतो. दोघांची भाषा वेगळी, पोट एकच.

* * *

आणि ज्यांना जागतिक संस्कृती फार आवडते त्यांनाही विचारायचं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूलला मुसलमान विद्वान जमले आणि हवामानावर जाहीरनामा काढला. तेलावर श्रीमंत झालेल्या देशांनी आधी पुढं यावं, धूर बंद करावा, असं त्यात बजावलं. उत्तम. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत जगाची हवामान परिषद भरली, तिचा अध्यक्ष कोण? तिथल्या सरकारी तेल कंपनीचा मुख्य! बोकडाच्या सभेला खाटीक अध्यक्ष. आणि ते परिषदेचे काचेचे मनोरे बांधले कुणी? इकडून गेलेल्या पोरांनी. रामूनंही बांधले, रहीमनंही बांधले. कफीलाकडं पासपोर्ट गहाण ठेवून, पन्नास डिग्री उन्हात. तिथं शेखानं रहीमला तू माझा धर्मबंधू म्हणून सावलीत बसवलं नाही. शेख आणि शेठ यांची एक उम्मत आहे. आपली अजून व्हायची आहे.

मुशायरे, बिर्याणी, सुफी गाण्याच्या मैफली, ही माझ्या मते विश्वसंस्कृती नाही. ती शहरातल्या पोट भरलेल्यांची करमणूक. एका माठातून कोण कोण पाणी पितं, त्यावर संस्कृती ठरते.

* * *

आता आपल्या माणसांशी. हे सगळ्यात कडू आहे.

आपली काही पोरं हल्ली भगव्या मिरवणुकीत नाचतात. मुसलमानाच्या घरावर बुलडोझर गेला की मोबाईलवर बघून टाळ्या वाजवतात. आणि कुणी टोकलं की म्हणतात, बाबासाहेबांनीच सांगितलंय मुसलमानांवर विश्वास ठेवू नका. बाबांनो, काय सांगितलं ते नीट वाचा. नोव्हेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानातल्या आणि हैदराबाद संस्थानातल्या आपल्या लोकांना त्यांनी बजावलं : सवर्ण हिंदूंवर राग आहे एवढ्यासाठी मुसलमानांवर किंवा मुस्लिम लीगवर भरवसा टाकू नका, निजामाची बाजू घेऊ नका. यातला अर्थ सरळ आहे. दुसऱ्याच्या द्वेषावर दोस्ती बांधू नका. मग हाच नियम उलट्या बाजूनंही लागतो. मुसलमानावर राग आहे म्हणून सनातन्यांवर भरवसा टाकू नका! माझ्या मते बाबासाहेबांचा इशारा राजाबद्दल होता, लीगबद्दल होता. गायरानावरच्या पिंजाऱ्याबद्दल नव्हता.

रजाकारांनी जुलूम केला, हे खरं. आमच्या भागातली म्हातारी माणसं ते विसरली नाहीत. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर काय झालं, तेही सांगा. पंडित सुंदरलाल समिती सरकारनंच पाठवली होती. तिनं लिहिलं की कमीत कमी धरलं तरी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचा नांदेड होता. तो अहवाल कित्येक दशकं कुलपात ठेवला. मेले ते सगळे रजाकार नव्हते. गावातले विणकर होते, शेतमजूर होते.

मग तीस वर्षांनी, जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि याच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेला जिवंत जाळलं. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. १९४८ चा जाळ आणि १९७८ चा जाळ. पहिला लागला तेव्हा आपण आपल्या वाड्यात गप्प होतो, दुसरा लागला तेव्हा मोहल्ला गप्प होता. दोन्ही वेळा पेटवणाऱ्याला हेच पाहिजे होतं. तिसऱ्या वेळी कोण गप्प बसणार?

आणखी एक. आपण १९५६ ला धर्म बदलला, म्हणून केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत आपल्याला नाकारल्या. आपण ओरडलो, धर्म बदलला म्हणून गावानं आम्हाला पाटील केलं काय? बरोबर ओरडलो. आज मुसलमान मेहतर तोच प्रश्न विचारतोय. १९५० च्या आदेशानं त्याला अनुसूचित जातीत जागा नाही. काही जण म्हणतात, वाटेकरी वाढले तर आपला घास कमी होईल. ही भीती खोटी नाही, मी तिची टिंगल करणार नाही. पण मग मागणी अशी करा, की वाटेकऱ्याबरोबर ताटही वाढवा. त्याला दारातून हाकलायचं काम आपण का करायचं? ते काम करणारे पुष्कळ आहेत.

जमिनीचंही तसंच. महारवतन, हाडकी-हाडोळा आमच्या आज्याच्या सेवेची जमीन. वक्फ मशीद-दर्ग्याच्या सेवेची जमीन. गायरान सगळ्यांची जमीन. या तिन्हींवर एकाच माणसाचा डोळा आहे. वक्फच्या जमिनी मुतवल्लींनी विकून खाल्ल्या, हेही खरं, त्याचा जाब गरीब मुसलमानानं विचारला पाहिजे. पण २०२५ च्या कायद्यानं काय केलं? पिढ्यान् पिढ्या वापरात आहे म्हणून वक्फ, ही वाट पुढच्यासाठी बंद केली. म्हणजे वहिवाट नको, कागद दाखव. अगदी तेच, जे आम्हाला एक-ईच्या वहीपुढं ऐकवतात. आणि १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं बुलडोझरला लगाम घातला, पंधरा दिवसांची नोटीस सांगितली, तरी रस्ता-नदीसारख्या सार्वजनिक जागांना आणि कोर्टाच्याच आदेशानं पाडायच्या घरांना ते लागू नाही. गायरानवाला पुन्हा उघड्यावर. म्हणून म्हणतो, ज्या यंत्रानं आज रहीमचं छप्पर काढलं, त्याचं डिझेल अजून संपलेलं नाही.

* * *

कुणी म्हणेल, मग गुरांनी कुठं चरायचं? प्रश्न चांगला आहे. मीही विचारतो. कारण भूमिहीनाच्याच घरी दोन शेळ्या असतात, आणि त्याच्याच शेळीला दुसऱ्याच्या बांधावर दगड खावा लागतो. गवत आम्हालाच सगळ्यात जास्त पाहिजे. म्हणून आमच्या मागण्या ऐका.

१४ एप्रिल १९९० च्या आधीचे सगळे कब्जे बिनशर्त नावावर करा. नंतर बसलेल्या भूमिहीनांचीही मोजणी करा आणि पर्याय दिल्याशिवाय एक कूडही पाडू नका. गायरान मोजा, पण मोजणी मोठ्याच्या बांधापासून सुरू करा. खदानीत आणि बागायतीत गेलेलं आधी सोडवा. जे उरेल त्यावर गवत राखायचं काम भूमिहीन बायांच्या हाती द्या, सरपंचाच्या भाच्याच्या हाती नको. सौर प्रकल्प आणायचा असेल तर गावसभेला विचारा, आणि सातबारावाल्याला जे भाडं देता त्याच दरानं गायरानाचं भाडं गावातल्या भूमिहीनांना द्या.

मुसलमान भावांनो, हे मागायला तुम्ही आमच्याबरोबर चला. मोर्चात मागं, कडेला, घाबरत चालू नका. तुमच्या पुस्तकात पाणी, चारा आणि आग सामाईक आहेत. आमच्या महाडात पाणी सामाईक आहे, आमच्या दादासाहेबांच्या सत्याग्रहात चारा सामाईक आहे. राहिली आग. ती आजवर फक्त आपल्या दोघांच्या छपरांना लावली गेली. आता ती चुलीत ठेवू.

आणि आमच्या पोरांनो, तुम्हाला एवढंच : पुढची नोटीस फकिराच्या झोपडीला लागेल तेव्हा निळा झेंडा घेऊन त्याच्या दारात उभे राहा. तो मागायला येईल याची वाट बघू नका. गायरान कुणाच्या बापाचं नाही, म्हणूनच ते आपलं आहे.

जय भीम.